‘माझंच चुकलं’ या वाक्याची तपासणी

स्वतःला दोष देण्याची सवय आणि कामांखाली दबून जाण्याची अवस्था बहुतेक वेळा जोडीने येतात आणि एकमेकींना पोसतात. घरातल्या प्रत्येक बिघाडाचे कारण आपणच आहोत असे ज्याला वाटते, त्याला प्रत्येक बिघाड दुरुस्त करणेही आपलेच काम वाटते. ती कामे एका माणसाच्या आवाक्याबाहेरची असतात, त्यामुळे काही ना काही राहतेच, आणि जे राहिले त्याचा दोष पुन्हा स्वतःच्याच नावावर पडतो. बाहेरच्यांना हे चक्र दिसत नाही. त्यांना दिसतो तो कर्तव्यदक्ष, मायाळू, सगळ्यांसाठी धावणारा माणूस. मराठी घरांत तर या सवयीचे कौतुकच होते. ‘फार मनाला लावून घेते हो ती,’ हे वाक्य काळजीपेक्षा प्रशस्तीच्या सुरातच जास्त वेळा उच्चारले जाते. म्हणूनच या त्रासावर उपचार असू शकतात, हे उशिरा लक्षात येते.

बोधात्मक वर्तनोपचार, ज्याला आता सगळे सीबीटी म्हणतात, ही या चक्रात हात घालण्याची एक रीतसर पद्धत आहे. प्रसंग आणि भावना यांच्यामध्ये एक विचार असतो, बहुधा इतक्या झटकन येऊन गेलेला की तो आलाच नव्हता असे वाटते, हा तिचा पाया. त्या विचाराला पकडायचे, कागदावर उतरवायचे, पुराव्यावर घासून बघायचे आणि त्याला अनुसरून वागण्याऐवजी थोडे वेगळे वागून काय होते ते पाहायचे. ‘चांगले विचार करा’ या सल्ल्याशी तिचे नाते फार लांबचे आहे. सीबीटीला खरा विचार हवा असतो, गोड नव्हे. एखाद्याकडून खरोखर चूक झाली असेल तर ती झालीच नाही असे पटवणे हे या उपचाराचे काम नाही.

या पद्धतीचा उगम एका फसलेल्या अपेक्षेत आहे. अमेरिकेतील फिलाडेल्फियाचे मनोविकारतज्ज्ञ एरन बेक मनोविश्लेषणाच्या परंपरेत शिकलेले होते. बाहेर काढता न आलेला राग माणूस आत, स्वतःकडे वळवतो आणि त्यातून नैराश्य येते, असे ती परंपरा मानत असे. हे सिद्ध करण्यासाठी बेक यांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात नैराश्यग्रस्त रुग्णांची स्वप्ने तपासायला घेतली. स्वप्नांत राग, वैर, सूड सापडेल अशी त्यांची अपेक्षा होती. सापडले ते वेगळेच. आपण हरलो, आपल्याला नाकारले, आपल्याला काही मिळाले नाही, अशा आशयाची ती स्वप्ने होती. माणूस झोपेतही स्वतःकडे जसे बघत होता तसेच जागेपणीही बघत होता. बेक यांनी मग जागेपणीच्या विचारांकडे मोर्चा वळवला. एक रुग्ण स्त्री आपल्या आयुष्यातले प्रसंग सांगत असताना अस्वस्थ होत होती. खोदून विचारल्यावर कळले की सांगण्याच्या ओघाखाली तिच्या मनात दुसराच ओघ चालू होता: डॉक्टरांना आपला कंटाळा येतो आहे. हा दुसरा ओघ तोवर कुणी विचारला नव्हता, म्हणून तिने सांगितलाही नव्हता. अशा विचारांना बेक यांनी आपोआप येणारे विचार असे नाव दिले.

१९६१ साली त्यांनी नैराश्य मोजण्यासाठी एकवीस प्रश्नांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. ती आजही जगभर वापरली जाते. तिच्यात अपराधी वाटणे, शिक्षा होत असल्यासारखे वाटणे, स्वतःविषयी नावड आणि स्वतःला दोष देणे यांना चार वेगवेगळे प्रश्न आहेत, यावरून आत्मदोषाला त्यांनी किती वजन दिले ते कळते. १९७७ मध्ये बेक आणि सहकाऱ्यांनी नैराश्याच्या रुग्णांवर या उपचाराची आणि त्या काळातल्या इमिप्रामिन या प्रस्थापित औषधाची तुलना केली, आणि नुसत्या बोलण्यावर चालणारा उपचार औषधाच्या तोडीस उतरला. दोन वर्षांनी, १९७९ मध्ये, नैराश्यावरील त्यांचे उपचारपुस्तक आले आणि ही पद्धत शिकवता येण्याजोगी झाली.

बेक यांच्याही थोडे आधी, १९५५ च्या सुमारास, न्यूयॉर्कमध्ये अल्बर्ट एलिस यांनी जवळच्याच वाटेने जाणारी पद्धत मांडली होती. मराठी वाचकाला एलिस जास्त परिचित आहेत, कारण मुंबईच्या कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी वर्षानुवर्षे पत्रव्यवहार करून ही पद्धत आत्मसात केली, शिकवली आणि मराठीत लिहिली. डॉ. अंजली जोशी यांनी एलिस यांचे विचार मराठीत विस्ताराने आणले. ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी सुरू केलेल्या आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) या संस्थेनेही एलिस यांची ही विवेकनिष्ठ विचारपद्धती सामान्य घरांपर्यंत पोहोचवली. आत्मदोषाच्या संदर्भात एलिस यांचा एक मुद्दा फार मोलाचा आहे. माणसाच्या कृतीला गुण द्यावेत, माणसाला देऊ नयेत, असे ते सांगत. ‘मी वाईट वागले’ हे वाक्य तपासता येते, सुधारता येते. ‘मी वाईट आहे’ या वाक्याचे काहीच करता येत नाही. ते फक्त सहन करावे लागते.

हाच भेद १९७९ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉनी जॅनॉफ-बुलमन यांनी संशोधनातून मांडला. एक आत्मदोष वागण्यावर असतो, दुसरा स्वभावावर. पहिल्यात पुढच्या वेळी वेगळे वागता येईल अशी आशा असते, दुसऱ्यात ती नसते. त्याच्या दोन वर्षे आधी त्यांनी आणि कॅमिल वॉर्टमन यांनी अपघातात मज्जारज्जूला इजा होऊन अपंगत्व आलेल्या रुग्णांच्या मुलाखती घेतल्या होत्या. आपल्या अपघाताचा काही दोष स्वतःकडे घेणारे रुग्ण त्या परिस्थितीला अधिक चांगले तोंड देताना आढळले. हा निष्कर्ष प्रथमदर्शनी उफराटा वाटतो, पण त्यात आत्मदोषाच्या चिवटपणाचे गमक आहे. दोष माझा असेल तर जग अगदीच बेभरवशाचे ठरत नाही. मी नीट वागले असते तर टळले असते, आणि यापुढे नीट वागले तर टळेल. कारण नसताना आलेल्या संकटापेक्षा स्वतःमुळे आलेले संकट मनाला जास्त सोसवते. एखाद्याच्या खांद्यावरून अपराधीपणा काढून घेताना या आधाराचाही विचार करावा लागतो, नाहीतर तो माणूस ते ओझे दोन्ही हातांनी धरून ठेवतो.

एक प्रातिनिधिक उदाहरण घ्यावे. पंचेचाळिशीची एक बाई, डोंबिवलीला राहणारी, मुंबईत बँकेत नोकरी करणारी. वडील तिच्याकडे राहतात, भाऊ पुण्याला. एका रात्री साडेदहाला वडील म्हणाले, ‘हाताला मुंग्या येताहेत गं.’ ती ओट्यावरची आवराआवर करत होती. ‘हातावर भार पडला असेल बाबा, झोपा आता,’ ती म्हणाली. सकाळी सहाला ते उठले तेव्हा उजवी बाजू लुळी पडली होती आणि शब्द फुटत नव्हता. रुग्णालयात कुणीतरी बोलता बोलता म्हणाले की साडेचार तासांच्या आत आणले असते तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देता आले असते. वाक्य खरे होते. त्या वाक्याने तिच्या आयुष्याचे पुढचे सहा महिने ताब्यात घेतले.

आता घरी फिजिओथेरपिस्ट येतो, नळीऐवजी चमच्याने भरवायचे आहे, विम्याचा दावा पडून आहे, मुलाची दहावी आहे आणि बँकेत मार्चअखेर. ती रात्री दर तासाला उठून वडिलांचा श्वास बघते. दिवसा काउंटरवर बेरजा चुकतात. चुकले की ‘माझ्याच्यानं काहीच धड होत नाही’ हे वाक्य आपोआप येते.

उपचारात तिला पहिल्यांदा दिली जाते ती एक आखलेली वही: प्रसंग, भावना, विचार, विचाराच्या बाजूचा पुरावा, विरुद्ध बाजूचा पुरावा, आणि शेवटी समतोल विचार. भावनेला शंभरपैकी आकडा द्यायचा. एका मंगळवारची तिची नोंद अशी: रात्री सव्वानऊ, बाबांना पेज भरवताना ठसका लागला. अपराधीपणा ९५, भीती ७०. विचार: ‘माझ्यामुळे त्यांची ही अवस्था झाली. मुलगी म्हणून मी नालायक आहे.’ बाजूच्या पुराव्यात तिने लिहिले, ‘त्यांनी सांगितलं आणि मी झोपा म्हटलं.’ त्याखाली लिहिले, ‘मी निष्काळजी आहे.’ थेरपिस्टने पहिल्या ओळीवर बरोबरची खूण केली आणि दुसरी ओळ विचारांच्या रकान्यात नेऊन ठेवायला सांगितली. न्यायालयात जे टिकेल ते पुराव्याच्या रकान्यात, बाकीचे नाही. एवढ्याशा हलवाहलवीला वीस मिनिटे लागतात, कारण अनेक वर्षे मत आणि घटना एकाच रकान्यात राहिलेली असतात.

विरुद्ध बाजूचा रकाना तिला सुरुवातीला भरता येईना. आत्मदोषात मन निवडून आठवते. बेक यांनी १९६३ मध्येच विचारांतल्या अशा खोडी नोंदवल्या होत्या: पुरावा नसताना निष्कर्ष काढणे, चित्रातला एकच तपशील उचलणे, एका घटनेवरून सगळ्या आयुष्याबद्दल बोलणे, वाईट फुगवणे आणि चांगले आकसवणे. पुढे डेव्हिड बर्न्स यांच्या १९८० च्या पुस्तकामुळे अशा खोडींची यादी घरोघरी पोहोचली. तिच्यातल्या तीन इथे ठळक दिसतात. अनेक कारणांनी घडलेली गोष्ट स्वतःच्याच अंगावर घेणे ही एक. स्वतःला ‘नालायक’ असे लेबल चिकटवणे ही दुसरी. आणि ‘मला कळायलाच हवं होतं’ हा ‘हवंच’चा हट्ट तिसरी. थेरपिस्ट वाद घालत नाही, प्रश्न विचारतो. मुंग्या पूर्वी कधी आल्या होत्या का? हो, महिनाभर आधी आल्या होत्या. मग काय केलं? दवाखान्यात नेलं होतं, स्पॉन्डिलायटिस आहे म्हणाले, मानेचे व्यायाम दिले. रक्तदाबाच्या गोळ्या कोण आणून देत असे? मीच, दर महिन्याला. ते घेत होते का? इथे ती थांबली. आजारानंतर उशीखाली दोन आठवड्यांच्या गोळ्या सापडल्या होत्या. ही गोष्ट तिला माहीत होती, पण हिशेबात धरलेली नव्हती.

तिच्या समतोल विचारात शेवटी एवढे आले: ‘त्या रात्री मी डॉक्टरांना फोन केला असता तर बरं झालं असतं. तेव्हा मला जे ठाऊक होतं त्यावरून ते स्पॉन्डिलायटिसचंच वाटलं. आजाराचं कारण मी नाही. उशिरातला काही वाटा माझा आहे.’ अपराधीपणाचा आकडा ९५ वरून ६० वर आला. तो शून्यावर यावा अशी अपेक्षा कुणी ठेवू नये. ६० वर असलेला माणूस रात्री झोपू शकतो, आणि झोपलेला माणूस दुसऱ्या दिवशी पेज सावकाश भरवतो.

‘कळायलाच हवं होतं’ या वाक्यामागे एक वेगळी फसवणूक असते. घटना घडून गेल्यावर ती आधीच दिसायला हवी होती असे वाटू लागते. बारूख फिशहॉफ यांनी १९७५ साली प्रयोगांतून दाखवले की निकाल ठाऊक झाल्यावर माणसे तो निकाल आधीपासूनच संभवनीय होता असे मानतात आणि आपले मत बदलले आहे याचा त्यांना पत्ताही नसतो. पुढे आघातानंतरच्या अपराधीपणावर काम करणारे मानसशास्त्रज्ञ एडवर्ड कुबानी यांनी उपचारात याला अग्रस्थान दिले. आज माहीत असलेली गोष्ट माणूस त्या रात्रीच्या स्वतःच्या डोक्यात घालतो आणि मग त्या रात्रीच्या स्वतःला दोषी ठरवतो. उपाय असा: त्या रात्रीचा क्रम मिनिटामिनिटाने लिहायचा आणि प्रत्येक टप्प्यावर फक्त त्या क्षणी ठाऊक असलेलेच लिहायचे. साडेदहाला तिच्यासमोर काय होते? महिन्यापूर्वीचे निदान, झोपेला आलेले वडील, ओट्यावरची भांडी. साडेचार तासांची गोष्ट तिला दुसऱ्या दिवशी कळली.

यानंतर जबाबदारीचे वर्तुळ येते. कागदावर एक मोठे वर्तुळ काढायचे आणि घटनेची सगळी कारणे आधी शेजारी लिहून काढायची. मग एकेका कारणाला वाटा द्यायचा, पण स्वतःचा वाटा सगळ्यात शेवटी. हा क्रमच सारे काम करतो. स्वतःपासून सुरुवात केली तर ९० टक्के पहिल्याच फटक्यात जातात आणि उरलेल्या दहांत जग कोंबावे लागते. तिच्या कागदावर पंधरा वर्षांचा रक्तदाब ३५, बंद केलेल्या गोळ्या २०, तंबाखू १५, महिन्यापूर्वीचे निदान १०, वय १० आणि शेवटी स्वतः १० अशी विभागणी झाली. आकडे अचूक नसतात आणि असायची गरजही नाही. मात्र थेरपिस्टने इथे सावध असायला हवे. उशीखालच्या गोळ्या सापडल्या की सगळा राग वडिलांवर वळू शकतो, आणि मग अंथरुणावरच्या माणसाला आरोपी करण्याचा नवा अपराधीपणा सुरू होतो. वर्तुळात असतात ती कारणे. शिक्षा वाटण्यासाठी ते काढलेले नसते. हा फरक समजावून न सांगता वर्तुळ काढणे म्हणजे अर्धवट उपचार आहे.

आणखी एक साधा प्रश्न या टप्प्यावर विचारला जातो: तुमच्या बँकेतली मैत्रीण हीच गोष्ट घेऊन आली असती तर तिला काय म्हणाला असता? उत्तर क्षणात येते आणि ते मायेचे असते. मग स्वतःसाठी वेगळा कायदा का, या प्रश्नाला बहुतेकांकडे उत्तर नसते. काहींकडे असते, आणि ते ऐकण्यासारखे असते: ‘मी स्वतःला सोडलं तर मी बेफिकीर होईन.’ आपण स्वतःला फटके मारतो म्हणूनच नीट वागतो, ही समजूत तपासायला तर्क पुरत नाही. तिथे प्रयोग लागतो.

दडपून जाण्याच्या अवस्थेवरचे काम इथूनच सुरू होते. रिचर्ड लाझारस आणि सुझन फोकमन यांनी १९८४ च्या पुस्तकात ताणाचे जे स्पष्टीकरण दिले ते इथे लागू पडते. ताण केवळ कामाच्या ढिगाऱ्यातून येत नाही. समोर जे आले आहे ते किती मोठे, आणि त्याला पुरे पडायला माझ्याजवळ काय आहे, या दोन अंदाजांच्या तफावतीतून तो येतो. आत्मदोष दुसरा अंदाज खाली खेचतो. ज्या बाईने स्वतःला नालायक ठरवले आहे तिला विम्याचा फॉर्मसुद्धा डोंगर वाटणार. त्यामुळे दोषावरचे काम आणि कामांवरचे काम वेगळे काढता येत नाही.

बेक यांच्या मूळ पुस्तकातच दिवसाचे तास आखलेला एक तक्ता आहे. पहिल्या आठवड्यात काहीही बदलायचे नाही, फक्त काय केले ते तासातासाने लिहायचे आणि प्रत्येक कामाला दोन गुण द्यायचे: किती जमल्यासारखे वाटले आणि किती बरे वाटले. आठवड्याच्या शेवटी तक्ता समोर आला की दोन गोष्टी नजरेत भरतात. ‘मी काहीच करत नाही’ हे वाक्य तक्त्यासमोर टिकत नाही. आणि बरे वाटण्याच्या रकान्यात शून्यांची रांग असते. सकाळी लोकलमध्ये मैत्रिणींशी गप्पा मारणेही तिने बंद केले होते, कारण बाबा तसे पडलेले असताना हसणे तिला शोभत नव्हते.

मग पडून राहिलेले काम घ्यायचे आणि ते लाज वाटावी इतके लहान करायचे. विम्याचा दावा तीन आठवडे अडला होता. पहिल्या दिवशीचे काम: कपाटातून फाइल काढून जेवणाच्या टेबलावर ठेवणे. दुसऱ्या दिवशी: डिस्चार्जचा कागद आहे की नाही एवढेच बघणे. तिसऱ्या दिवशी: पंधरा मिनिटे लावून जे रकाने येतात तेवढेच भरणे, घड्याळ वाजले की पेन खाली. फॉर्म पुरा करणे हे उद्दिष्ट ठेवले की माणूस सुरूच करत नाही, आणि एकदा सुरू झाले की बहुधा पुरेही होते. उत्साह आल्यावर काम करू, हा क्रम नैराश्यात चालत नाही. तिथे काम आधी आणि उत्साह नंतर.

रात्रीच्या काळजीसाठी थॉमस बोर्कोवेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये तपासलेली एक युक्ती वापरली जाते: काळजीची वेळ ठरवणे. रोज संध्याकाळी ठरावीक ठिकाणी अर्धा तास. इतर वेळी काळजी आली की ती चिठ्ठीवर लिहायची आणि त्या अर्ध्या तासापर्यंत ठेवून द्यायची. काळजी करू नका असे सांगण्यापेक्षा हे सोपे जाते, कारण इथे कशावरही बंदी नाही, फक्त वेळ ठरलेली आहे.

प्रयोग वेगळा असतो. त्यात आधी भाकीत लिहायचे. तिचे भाकीत होते: ‘भावाला महिन्यातले दोन रविवार यायला सांगितलं तर तो म्हणेल, मी अंग काढून घेतेय.’ विश्वास ८५ टक्के. तिने फोन केला. भाऊ थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, ‘तूच सगळं करतेस म्हणून मला वाटलं माझी लुडबुड नको.’ दुसरे भाकीत होते की रात्री दर तासाला उठले नाही तर काहीतरी होईल. ते टप्प्याटप्प्याने तपासले, आधी दोन तासांनी, मग एकदाच, डॉक्टरांना विचारून. प्रत्येक प्रयोग असा सुखावह निघतो असे नाही. एखादा भाऊ खरोखरच खेकसतो. तेव्हाही काहीतरी कळते: त्याच्या खेकसण्याने ती नालायक ठरत नाही, आणि मदतीसाठी दुसरे दार बघावे लागणार आहे.

काही आठवड्यांनी विचारांच्या वहीत एकच नियम वेगवेगळ्या वेषांत दिसू लागतो. ‘आणि तसं झालं तर त्याचा तुमच्या दृष्टीने अर्थ काय?’ हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत खाली उतरले की तो सापडतो: ‘मी सतत सावध राहिले तर माझ्या माणसांना काही होणार नाही.’ थोरल्या मुलींमध्ये हा नियम फार दिसतो. लहानपणी आजारी आईच्या घरात तो उपयोगाचाही असतो, आणि त्याबद्दल शाबासकीही मिळालेली असते. म्हणून त्याला मूर्ख ठरवून चालत नाही. तो कोणत्या घरात, कोणत्या वयात शिकला गेला हे बघून त्याची किंमत मान्य करायची आणि मग नवा, जास्त टिकाऊ नियम शब्दांत बसवायचा.

या उपचारात एक अडचण नेहमी येते: ‘डोक्याला पटतं, पण आतून वाटत नाही.’ ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पॉल गिल्बर्ट यांनी ही तक्रार गंभीरपणे घेतली. ते रुग्णांना समतोल विचार मनात कोणत्या आवाजात म्हणता असे विचारू लागले. अनेकजण तो विचारही दरडावून, खडसावून म्हणत होते. ‘तुझी चूक नव्हती, कळतंय का!’ असे स्वतःवर ओरडले तर शब्द योग्य असूनही शरीर घाबरलेलेच राहते. करुणेवर आधारलेली गिल्बर्ट यांची उपचारपद्धती यातून वाढली. सीबीटी फार हुशार होऊ लागली की माया मागे पडते, आणि आत्मदोषाच्या रुग्णाला तर आधी मायाच लागते. चांगला थेरपिस्ट रकाने भरण्याच्या घाईत हे विसरत नाही.

हा उपचार फक्त शहरी, इंग्रजी शिकलेल्यांसाठी आहे अशी समजूत गोव्यातल्या कामाने खोटी ठरवली. सीबीटीचा वर्तनाकडचा भाग, म्हणजे माणसाला पुन्हा हळूहळू कामात, माणसांत, आनंदात आणणे, हा एकटाही पुरेसा परिणाम करतो असे १९९६ मध्ये नील जेकबसन यांच्या अभ्यासात दिसले होते. त्याच धाग्यावर गोव्यातील ‘संगाथ’ या संस्थेने आणि डॉ. विक्रम पटेल यांच्या गटाने प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक उपचार उभा केला. तो देणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. मानसिक आरोग्याचे पूर्वशिक्षण नसलेल्या स्थानिक लोकांना शिकवून समुपदेशक केले होते. सहा ते आठ भेटी, काही केंद्रात, काही घरी. मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्य असलेल्या सुमारे ५०० रुग्णांवरचा हा अभ्यास २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना नेहमीच्या उपचारासोबत या भेटी मिळाल्या त्यांच्यात बरे होणाऱ्यांचे प्रमाण स्पष्टपणे जास्त होते, आणि वर्षभरानंतरही फायदा टिकला. तज्ज्ञांची वानवा असलेल्या देशासाठी याहून आश्वासक बातमी क्वचितच मिळेल.

मर्यादाही तितक्याच ठळकपणे सांगायला हव्यात. तीव्र नैराश्यात माणूस दोन ओळी वाचू शकत नाही, मग वही कशी भरणार? तिथे औषध आधी किंवा सोबत लागते. ‘मी नसलेलीच बरी’ अशा वळणावर विचार आले तर वही बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचे. सरकारची टेलिमानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आणि मराठीतही उपलब्ध आहे. दोष खरोखर मोठा असेल, कुणाचे नुकसान आपल्या हातून झाले असेल, तर विचार तपासून भागत नाही. माफी मागणे, भरपाई करणे, पुन्हा तसे न घडू देणे हीच तिथली उपचाराची पावले, आणि सीबीटी त्यांना मदत करते, त्यांची जागा घेत नाही. ओझे खरोखर एका माणसाच्या कुवतीपलीकडचे असेल तर त्या माणसाला ते वाहायला शिकवणे हा अन्याय आहे. आजारी माणसाची सेवा बहुतेक घरांत न विचारता बाईवर येते. अशा वेळी थेरपिस्टचे काम तिची सहनशक्ती वाढवण्याचे नसून कामाची वाटणी घरात मोठ्याने बोलली जाईल हे बघण्याचे असते, आणि गरज पडली तर भावाला, नवऱ्याला खोलीत बोलावण्याचे.

साधारण बारा ते वीस भेटींत उपचार आटोपतो. शेवटच्या भेटी लांबवत नेतात, आधी पंधरवड्याने, मग महिन्याने, म्हणजे मधल्या काळात वही स्वतः चालवण्याचा सराव होतो. अखेरच्या भेटीसाठी रुग्ण एक कागद स्वतःच्या भाषेत लिहून आणतो: माझे जुने वाक्य कोणते, ते कुठल्या दिवसांत जोर करते, तेव्हा मी काय करायचे, कुणाला फोन करायचा, किती दिवसांत बरे वाटले नाही तर परत यायचे. डोंबिवलीच्या त्या बाईने जोर करणाऱ्या दिवसांत मार्चअखेर, वडिलांचा वाढदिवस आणि ‘रात्री कुणी काही दुखतंय म्हटलं की’ अशा तीन नोंदी केल्या. तिसरीपुढे लिहिले: आधी विचारायचं, किती वेळापासून? चेहरा, हात, बोलणं बघायचं. शंका आली तर लगेच रुग्णवाहिका. नसेल तर झोपायचं.